नाण्यावरचा रंग: आपोआप आलेला की मुद्दाम आणलेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे नाण्यांचे फोटो येऊ लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, सीमेपलीकडचं बुऱ्हाणपूर, कुठूनही येतात. लक्ष्मीपूजनासाठी डबा उघडलेला असतो, आतला रुपया काळा किंवा निळाजांभळा दिसतो आणि घरात कोणीतरी चिंच भिजत घातलेली असते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. चिंच आधीच भिजली असेल तर बाकी सगळं सोडून प्रश्न ३ वाचा.

१. टोनिंग म्हणजे काय? नाणं खराब झालं असं समजायचं का?

नाही. लोखंडाला हवेतला प्राणवायू गंजवतो, तसं चांदीचं होत नाही. चांदीवर परिणाम होतो तो गंधकाचा. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो, शिवाय कागद, लोकर, रबर, धूर यांतूनही गंधक मिळतो. त्याची चांदीशी गाठ पडली की वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. त्या थरालाच संग्राहक टोनिंग म्हणतात. थर पातळ असेपर्यंत रंग दिसतात, फार जाड झाला की नाणं काळं पडतं. पातळ थराने नाण्याचं सहसा काही बिघडत नाही. जाड, खरखरीत काळा थर मात्र धातू खाऊन तयार झालेला असतो आणि ते नुकसानच असतं.

२. रसायन एकच, तर एका रुपयावर पिवळा, जांभळा, निळा असे इतके रंग कसे?

पावसात रस्त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की रंगीत वलयं दिसतात, तसंच हे आहे. त्या थेंबात रंग मिसळलेला नसतो. थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग मारले जातात आणि उरलेले डोळ्यांपर्यंत पोचतात. थराची जाडी बदलली की रंगही बदलतो. ही जाडी फार तर केसाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते.

पुढची बरीच उत्तरं यावर उभी आहेत, म्हणून एवढं लक्षात ठेवा: थर वाढताना रंग ठरावीक क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तांबूस, मग किरमिजी-जांभळा, मग निळा. त्याहून जाड झाला तर फिकट निळसर, पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, हिरवा, आणि शेवटी करडा-काळा. पिवळ्यावरून निळ्याकडे जायचं तर वाटेत तांबूस-जांभळा लागतोच.

३. मना आजाना कलदार काया पडी गया. घासू का नको?

नका घासू. कलदार म्हणजे जुना चांदीचा रुपया, तो काळा पडला तरी चिंच नको, लिंबू नको, राख नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको, भांडी घासायची पावडरही नको. राख आणि पावडर चांदीवर बारीक ओरखडे पाडतात. चिंच-लिंबाचं आम्ल चांदीत मिसळलेल्या तांब्यावर जातं. सराफाकडून उजाळा दिलेला रुपया लखलखतो, पण टाकसाळीतून निघताना त्यावर जी झळाळी होती ती कायमची गेलेली असते.

इंटरनेटवरचा ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा उपायही करू नका. ओरखडे पडत नाहीत हे खरं, पण रंग पूर्ण जातो आणि पृष्ठभाग मेल्यासारखा पांढरा दिसतो. बाजारातली सिल्व्हर डिप (चांदी उजळायचं द्रव) वापरली तर प्रत्येक बुडवणीत वरच्या कातडीचा थोडा भाग विरघळतो.

माझ्या आजीकडे व्हिक्टोरियाचे सात रुपये होते. दर धनत्रयोदशीला ती ते चिंचेने घासून पुसायची, मग हळदकुंकू वाहायची. पन्नासएक दिवाळ्यांत राणीच्या केसांच्या रेषा पार पुसल्या गेल्या. आजीच्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. ते रुपये आजही माझ्याकडे आहेत आणि पूजेला तेच निघतात. तुम्हीही तसंच करा. आधीच घासलेला एखादा रुपया पूजेसाठी ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका.

४. नैसर्गिक आणि कृत्रिम टोनिंगमध्ये फरक तरी काय? दोन्हीकडे गंधकच ना?

बरोबर, आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे. दोन्हीकडे तयार होणारा पदार्थ बहुतेक वेळा सिल्व्हर सल्फाइडच असतो. फरक दोन गोष्टींचा: किती वेळात झालं आणि कोणत्या हेतूने केलं. नाणं डब्यात, पाकिटात, पेटीत पडून राहिलं आणि वर्षानुवर्षं हळूहळू रंगलं तर ते नैसर्गिक. किंमत वाढावी किंवा दोष झाकावा म्हणून कोणी काही तासांत, काही दिवसांत रंग आणला तर ते कृत्रिम.

हेतू नाण्यावर लिहिलेला नसतो, घाई मात्र बऱ्याचदा दिसते. आपल्याला तीच शोधायची आहे. मधल्या संदिग्ध जागेसाठी प्रश्न १० पाहा.

५. कृत्रिम रंग कशाने आणतात?

कृती मी देणार नाही, पण खरेदीदाराला प्रकार माहीत असायला हवेत. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना काळपट छटा देण्यासाठी कारागीर गंधक आणि पोटॅशचं द्रावण वापरतात, तेच पातळ करून नाण्यावर वापरलं जातं. काही जण उकडलेल्या अंड्यातून निघणारा गंधकी वायू वापरतात, काही कपडे धुण्याचं ब्लीच किंवा आयोडीन. तांब्याचं नाणं तापवलं की त्यावर लालजांभळी झाक येते. याखेरीज सरळ रंग किंवा लाखेचा पातळ हात मारलेली नाणीही मी पाहिली आहेत. ती पकडणं सोपं असतं (प्रश्न ८).

६. मग ओळखायचं कसं? एखादी पक्की खूण सांगा.

पक्की एक खूण नाही. चार-पाच गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या की मत बनवायचं.

मी आधी रंग बाजूला ठेवतो आणि त्याच्या खालचा धातू बघतो. खोलीत एकच दिवा लावायचा, नाणं कडेने धरायचं आणि सावकाश तिरपं करत फिरवायचं. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चक्राच्या आरीसारखा फिरतो. नैसर्गिक रंग असेल तर ही झळाळी रंगातून वर येते आणि रंग तिच्याबरोबर हलतो. घाईने चढवलेला रंग बहुधा तिला मंद करतो. तो वर तरंगल्यासारखा, थोडा धुरकट वाटतो.

मग रंगांचा क्रम. पिवळ्याला चिकटून एकदम गडद निळा, मध्ये तांबूस-जांभळा काहीच नाही, असं दिसलं की मी थांबतो. हळूहळू वाढलेल्या थरात एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो.

मग अक्षरं. भिंगाखाली 'ONE RUPEE' किंवा राजाच्या नावाभोवती बघा. उठाव अक्षरांच्या कडेला नैसर्गिक टोनिंग बहुधा फिकट राहतं, अक्षराला जणू पांढरी किनार लागते. द्रावणात बुडवलेल्या नाण्यावर उलट दिसतं: रंग अक्षरांच्या कोपऱ्यात साचतो, ओघळ दिसतात किंवा अक्षर तिथे नाहीच अशा थाटात रंग त्याच्यावरून सपाट जातो.

मग झीज. भडक इंद्रधनुषी रंग ताज्या, न झिजलेल्या पृष्ठभागावर खुलतात. हातोहात फिरलेला रुपया सहसा करडा-तपकिरी होतो. राजाचा गाल झिजून सपाट झालाय आणि त्यावर मोरपंखी निळा चमकतोय, तर संशय घ्या.

शेवटी सोबतची नाणी. ही खूण मी पैसे मोजून शिकलो. एका प्रदर्शनात १९१८ चा रुपया, कडेला निळा आणि मध्ये सोनेरी, मी साध्या रुपयाच्या तिप्पट भावाने घेतला. पुढच्या वर्षी त्याच विक्रेत्याच्या ताटात दहा रुपये होते. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पाचवा जॉर्ज, साठ वर्षांच्या अंतराची नाणी, आणि सगळ्यांच्या कडेला तोच निळा. इतक्या वेगळ्या काळांत, वेगळ्या घरांत राहिलेली नाणी एका रंगाची होत नाहीत. ती सगळी एकाच टेबलावर रंगलेली होती.

दोन्ही बाजू सारख्या रंगल्या म्हणजे कृत्रिमच, असं मात्र म्हणू नका. कागदी पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेलं नाणं दोन्हीकडून सारखं रंगू शकतं.

७. रंग खरा वाटतो, पण खाली बारीक रेषा दिसतात. याचा अर्थ?

नाणं पूर्वी कधीतरी घासलेलं आहे आणि नंतर त्यावर पुन्हा रंग आलेला आहे. खानदेशातल्या घरगुती नाण्यांत हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. कारण प्रश्न ३ मध्ये आहेच. भिंगातून बघितलं तर ओरखड्यांत रंग आजूबाजूपेक्षा गडद असतो. तो अगदी नैसर्गिक असू शकतो, तरी नाणं 'साफ केलेलं' या गटातच धरायचं. जाणकार विक्रेता ही गोष्ट स्वतःहून सांगतो. सांगत नसेल तर विचारा.

८. ॲसिटोनने खरंखोटं कळतं म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. शुद्ध ॲसिटोन चांदीशी किंवा सल्फाइडच्या थराशी काही करत नाही. लाख, मेण, शाई, तेल, पीव्हीसी प्लॅस्टिकचा चिकट थर मात्र त्यात निघतो. म्हणजे ॲसिटोनमध्ये रंग गेला, तर तो वरून लावलेला होता हे ठरलं. रंग टिकला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण गंधकाच्या द्रावणाने आणलेला रंगही टिकतोच.

करायचंच असेल तर काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, जवळपास शेगडी किंवा देवाचा दिवा नसताना करा. ॲसिटोन झटकन पेट घेतं. नखांचा रंग काढायचं द्रव वापरू नका, त्यात तेल आणि इतर गोष्टी असतात. बुडवायचं, काढायचं, आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही.

९. आमच्याकडे कोणी काही केलं नाही, तरी रुपयाच्या अर्ध्या भागावर चंद्रकोरीसारखा रंग आला. हे कसं?

एका रुपयावर दुसरा रुपया थोडा सरकून पडलेला असेल. झाकलेला भाग पांढरा राहिला, उघडा भाग रंगला. घरातली प्रत्येक जागा नाण्यावर आपली खूण ठेवते. सराफाच्या गुलाबी कागदाच्या पुडीतून निघालेल्या रुपयांवर मी घडीच्या रेषा पाहिल्या आहेत. रबर बँडने गुंडाळलेल्या नाण्यांवर काळा पट्टा येतो, कारण रबरात गंधक असतो. कापडी थैलीत कधी विणीची जाळी उमटते. देवघरातल्या नाण्यांवर दिव्याची काजळी बसते, ते टोनिंग नव्हे, पण त्याखाली टोनिंग असू शकतं.

आपल्या हवेचाही भाग आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावरचा डबा त्याहून तापतो. मग लगेच पावसाळ्याची दमट हवा. उष्णता आणि ओल दोन्हीमुळे थर भरभर वाढतो. म्हणून इथला रंग 'इतक्या लवकर आला म्हणजे खोटाच' असा निकाल देताना मी जपून बोलतो.

कधी कधी कारण आणखी जवळ असतं. एका शेतकरी घरात नाण्यांचा डबा भुरी रोगावर धुरळायच्या गंधक भुकटीच्या पोत्याशेजारी होता. दोन वर्षांत सगळे रुपये कोळशासारखे झाले. फसवणुकीचा प्रश्नच नव्हता, नुकसान मात्र पूर्ण झालं.

१०. मी रुपया जुन्या कागदी अल्बममध्ये मुद्दाम ठेवला, रंग यावा म्हणून. चार वर्षांनी आला. मग तो कृत्रिम का?

यावर संग्राहकांत एकमत नाही. हेतू मोजला तर कृत्रिम, वेग मोजला तर नैसर्गिक. माझं मत असं: वेळ खरोखर गेला असेल, नाण्याला दुसरं काही लावलं नसेल आणि विकताना तुम्ही हे सांगणार असाल, तर त्यात फसवणूक नाही. तोच अल्बम कोणी उन्हात तापत ठेवून दोन महिन्यांत रंग काढला, तर मी त्याला कृत्रिमच म्हणेन. चांगलं नाणं मुद्दाम या प्रयोगात घालू नका. रंग कुठे थांबेल हे तुमच्या हातात नसतं.

११. स्लॅबमध्ये असलेलं नाणं म्हणजे रंग नैसर्गिकच, असं धरायचं का?

स्लॅब म्हणजे नाणं तपासून, त्याचा दर्जा (ग्रेड) ठरवून कंपनीने बंद करून दिलेली प्लॅस्टिकची पेटी. बऱ्याच अंशी आधार आहे, पूर्ण खात्री नाही. पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. या दोन्ही अमेरिकी कंपन्या रंग संशयास्पद वाटला तर साधा ग्रेड देत नाहीत. पीसीजीएसच्या सांकेतिक क्रमांकांत ९१ म्हणजे शंकास्पद रंग आणि ९२ म्हणजे साफ केलेलं. पण तिथेही माणसंच डोळ्यांनी बघून मत देतात. तेच नाणं एकदा नाकारलं जाऊन दुसऱ्यांदा स्वीकारलं गेल्याचे अनुभव जगभरच्या संग्राहकांना आहेत. शिवाय स्लॅबच्या आतही रंग पुढे बदलू शकतो, कारण ती पेटी पूर्णपणे हवाबंद नसते.

१२. अमेरिकेत रंगीत डॉलरला एवढा भाव, मग आपल्या रुपयाला का नाही?

तिथल्या मॉर्गन डॉलरची कथा वेगळी आहे. ९० टक्के चांदीची ही नाणी १८७८ पासून निघाली. हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत कितीतरी डॉलर सरकारी तिजोऱ्यांत दशकानुदशकं पडून होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मोठ्या संख्येने बाहेर आले. थैलीच्या कापडाला टेकलेली नाणी रंगली होती, तीही कधीच न वापरलेली. म्हणजे ताजा पृष्ठभाग, लांब काळ आणि ठाऊक असलेला उगम, तिन्ही जुळले.

आपला रुपया बाजारात फिरला, कमरेच्या थैलीत राहिला, जमिनीत पुरला गेला, घासला गेला. ताजा, न घासलेला, रंगलेला रुपया आपल्याकडे खरोखर कमी दिसतो. म्हणूनच तो दिसला की मला आनंद होतो, आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते. निव्वळ रंगासाठी मोठी रक्कम मोजण्याआधी त्याच वर्षाच्या साध्या, न घासलेल्या रुपयाचा भाव विचारून घ्या.

१३. १९४७ चा वाघाचा रुपया, 'रेनबो टोनिंग, चांदी' असं सांगून देतायत. घेऊ का?

नका घेऊ. तो रुपया निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. इथे वर्ष बघणं फार महत्त्वाचं. चौथ्या विल्यम राजापासून (१८३५) १९४० च्या आधीपर्यंतचा, ईस्ट इंडिया कंपनीचा आणि ब्रिटिश सरकारचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी ५० टक्केच. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. त्यामुळे तो वेगळा रंगतो, बहुधा मळकट पिवळसर-करडा. १९४७ चा निकेलचा. निकेलवर चांदीसारखं गंधकी इंद्रधनुष्य येत नाही. भडक रंग असेल तर तो उष्णतेचा किंवा रसायनाचा असण्याची शक्यताच जास्त.

स्वातंत्र्यानंतर १९६९ ला गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं निघालं. ते मात्र सुंदर रंगतं.

१४. शिवराई आणि भोकाच्या पैशाला हिरवं चढलंय. तेही टोनिंगच का?

हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर शिवराईवर असेल तर तो तिचं संरक्षण करतो, त्याला धक्का लावू नका. फिकट हिरवी, पिठासारखी, टोकरलं की गळणारी भुकटी मात्र रोग आहे. क्लोराइड आणि ओल मिळाली की तो आतआत पोखरत जातो. असं नाणं लगेच वेगळं काढा, कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत (ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी) ठेवा. किमती नाणं असेल तर संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा.

शिवराई घासून 'लालबुंद' करून विकणारे भेटतात. शेकडो वर्षांचं तांबं लाल राहत नाही.

१५. शेतात बुऱ्हाणपुरी रुपये सापडले, करड्या-जांभळ्या कवचाचे. साफ करून विकू का?

आधी कायदा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तो परस्पर विकणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायलाही बंदी आहे.

आता कवच. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर खानदेश मोगलांकडे गेला आणि पुढे बुऱ्हाणपूरच्या टाकसाळीतून भरपूर रुपये निघाले. हे रुपये जमिनीत राहिले की मातीतल्या क्षारांमुळे चांदीचा क्लोराइड तयार होतो. करडं-जांभळं कवच बहुधा त्याचंच. हे प्रश्न १ मधलं टोनिंग नाही. कवच खरवडलं तर फारसी अक्षरं त्याच्याबरोबर निघून येऊ शकतात. कुठे, किती खोल, कोणत्या भांड्यात सापडले हे लिहून ठेवा. अभ्यासकाला त्याची किंमत नाण्याइतकीच असते.

१६. सातपुड्यातल्या माळेतला रुपया घेतला. कडीच्या जागी रंग वेगळा आहे.

भिल्ल, पावरा बायकांच्या माळांत रुपये डाग देऊन, म्हणजे वितळवलेल्या धातूने, कडीला जोडलेले असतात. कडी काढली तरी डागाचा धातू तिथे उरतो आणि तो वेगळा रंगतो. असा रुपया 'माळेतला' म्हणूनच घ्या आणि द्या. कडीची जागा लपवायला कोणी सगळं नाणं काळं केलं असेल तर कडेवर भिंग धरा, तिथे सापडतं. माझं मन विचाराल तर माळ मोडूच नये. माळेत तो रुपया त्या घराचा असतो, सुटा केला की एक दुरुस्त केलेलं नाणं उरतं.

१७. रंगाखाली नाणंच खोटं असेल तर?

असतं. दुर्मीळ वर्षाच्या नकली रुपयांवर ओतकामाची छिद्रं आणि कडेची सांध झाकायला काळा रंग चढवतात. आधी वजन, मग चुंबक, मग कडेचे दाते. या तीन गोष्टी पार पडल्याशिवाय रंगाची चर्चा करू नका.

१८. आता ठेवू कशात?

मायलारच्या (पारदर्शक पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या) पाकिटात किंवा ॲक्रिलिकच्या गोल डबीत, घराच्या आतल्या, कमी तापणाऱ्या कपाटात. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लॅस्टिक पीव्हीसी असतं, ते नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं. मखमली डबी, लोकर, वर्तमानपत्र, रबर बँड नको. पावसाळ्याआधी सिलिका जेल बदला. नाणं नेहमी कडेने धरा.

१९. फोटो पाठवला तर तुम्ही सांगाल का, खरा रंग की खोटा?

एका फोटोवरून मी सांगत नाही. मोबाइल स्वतःच रंग वाढवतो, आणि झळाळी स्थिर चित्रात दिसत नाही. दिवसा, खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर नाणं ठेवा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दोन्ही बाजू सावकाश तिरप्या करत दाखवा, शेवटी कड दाखवा. सोबत वजन लिहा, आणि ते तुमच्या घरात कुठे, कशात, कोणापासून आलं तेही लिहा. विकत घेतलं असेल तर विक्रेत्याकडची बाकीची नाणी कशी दिसत होती, तेवढं आठवून सांगा.